झारीवरचं नाव

आधीच सांगून ठेवते, मी काही अडाणी बाई न्हाई. तेवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, जनगणना केली, पोलिओचे डोस पाजले, एकदा निवडणुकीची मतपेटी मांडीवर घेऊन ट्रॅक्टरमधून आले. एक कागद इकडचा तिकडं होऊ दिला न्हाई. तरी आजही तालुक्यात कुठं शिक्षकांची मीटिंग असली की मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणतंच, "आल्या बरं का झारीवाल्या कौसल्याबाई." म्हणू द्या. पण एकदा माझ्या तोंडून खरं काय ते ऐका आणि मंग हसा. गावाचं नाव तेवढं सांगत न्हाई. वाटूर फाट्यापासून चार किलोमीटर आत आहे, एवढं बास झालं.

१९९६ सालची गोष्ट. डिसेंबरात शहरातल्या एका संग्रहालयाची जीप आमच्या शाळेत आल्ती. जीपमधून एक पोरगी उतरली. नीला तिचं नाव. तेवीस-चोवीस वर्षांची, केस कापलेले, खांद्याला झोळी. ड्रायव्हरनं मागून एक निळी पत्र्याची पेटी उतरवली. पेटीत अकरा वस्तू होत्या, अकरा देशांतल्या. त्या पोरांनी हातात घेऊन बघायच्या आणि तिकडची माणसं कशी राहतात ते समजून घ्यायचं, असा कार्यक्रम होता. जिल्ह्यातल्या चाळीस शाळांत ही पेटी फिरणार होती आणि पहिला नंबर आमच्या शाळेचा लागला.

"बाई, एकच नियम," नीला मला म्हणाली. "मुलांना हात लावू द्यायचा."

आता काय बोलावं! मी तोवर इतकी वर्षं पोरांना दुसरं काय शिकवलं? हात लावू नको, हेच. आमच्या शाळेतला पृथ्वीचा गोल कपाटात कुलपात होता, पोरांना तो काचेतून अर्धाच दिसायचा. कित्येकांना वाटायचं, पृथ्वी अर्धीच आहे.

नीलानं पोरांना गोल बसवलं आणि पहिली वस्तू फिरवायला दिली. लाकडाची पट्टी, तिला दोन बारीक चिरा. "हे काय असेल?"

"बैलाची मुसकी," एक जण म्हणाला. "चोराचा चष्मा," दुसरा. चष्म्यापर्यंत बराबर आल्ता बरं का तो. बर्फाच्या मुलखात ऊन बर्फावरून डोळ्यांत जातं, म्हणून तिथले लोक हा चष्मा लावतात, असं नीलानं सांगितलं. तर सातवीतली शिवकन्या लगेच उठली. ही पोरगी म्हणजे माझ्या डोक्याला कायमचा ताप. म्हणते, "बाई, ऊन तर आमच्याकडं पण आहे. मंग आम्हाला कामून न्हाई दिला?"

दुसरी वस्तू आफ्रिकेतली. बुटकी, दोन पायांची, वरून जराशी खोलगट. सगळी पोरं एका सुरात ओरडली, "पाट!" तो पाट नव्हता, उशी होती. तिकडची माणसं मानेखाली घेऊन झोपतात म्हणे. मधल्या सुट्टीत आमचे हेडमास्तर गुपचूप ती उशी घेऊन ऑफिसात आडवे झाले, आणि त्यानंतर आठवडाभर कुणी हाक मारली तर सगळं अंग फिरवून बघायचे.

आणि मंग ती झारी. तुर्कस्तानातली, तांब्याची, पोट मोठं, तोटी लांब आणि वाकडी, वर घुमटावानी झाकण. मानेभोवती नक्षीसारखी वळणावळणाची अक्षरं. नीला म्हणाली, हिला दोनशे वर्षं होत आली. पोरांनी तिच्यात पाणी भरलं, एकमेकांच्या हातावर ओतलं, वास घेतला. मी पण घेतला. खोटं कशाला बोलू, मला फार भारी वाटलं. मी जालन्याच्या पुढं कधी गेले न्हाई, आणि तुर्कस्तानातल्या कुण्या बाईनं धरलेली मूठ मी धरून राह्यले होते.

चार दिवस पेटी शाळेतच राहणार होती, पोरांना परत परत बघता यावं म्हणून. नीला तोवर भोकरदनला पुढच्या शाळा ठरवायला चालली होती. जाताना तिनं यादीवर माझी सही घेतली आणि जरा बाजूला नेलं.

"बाई, तुम्हाला म्हणून सांगते. आमचे साहेब पेटी बाहेर काढायला तयारच नव्हते. खेड्यात वस्तू गेल्या की संपल्या, असं म्हणतात ते. दोन वर्षं मी त्यांच्या मागं लागले तेव्हा कुठं हो म्हणाले. माझी नोकरी पण सहा-सहा महिन्यांनीच वाढवून देतात. शनिवारी साहेब स्वतः येऊन एकेक वस्तू तपासणार. एकीला जरी काही झालं ना, तर पेटी परत काचेच्या कपाटात आणि मी घरी."

मी म्हणलं, "तू बिनघोर जा. केसालाही धक्का लागणार न्हाई."

कुठून बुद्धी झाली मला असं बोलायची!

झालं काय, त्याच आठवड्यात गावात सप्ता बसला. सप्त्याची भांडी ठेवायची जागा म्हणजे आमच्या शाळेची मागची खोली. ती पेटी पण तिथंच होती, कडी लावून. बुधवारी दुपारी मी सहज वस्तू मोजल्या, तर दहाच. पुन्हा मोजल्या, दहा. झारी गायब! तशीच पळत देवळाकडं गेले. पंगत बसली होती, आणि पंगतीत सगुणाबाई, आमच्या गल्लीतली, सगळ्या कामात पुढं असणारी बाई, ऐटीत झारी वाकडी करून भातावर तूप वाढून राह्यली होती.

"सगुणाबाई! अहो काय करून राह्यल्या तुम्ही?"

"लई बेस भांडं हाय बाई," ती म्हणाली. "तोटी लांब हाय ना, वाकावं लागत न्हाई. थेंब बी सांडत न्हाई."

"अहो ते भांडं संग्रहालयाचं आहे!"

"मंग त्याच्यावर नाव कुठंय?" ती माझ्यावरच उखडली. "ना कुणाचं नाव, ना गाव. मला वाटलं, सप्त्याचंच हाय. मागल्या साली माझी नाव टाकलेली परात गेली, ती अजून आली न्हाई. हे तर बिननावाचं. उद्याच्याला शोधू शोधू मरताल."

मी झारी हिसकावून घेतली, गरम पाण्यानं तीनदा धुतली, तरी साजूक तुपाचा वास काही जाईना. रात्रभर डोळा लागला न्हाई. सप्त्याचे अजून तीन दिवस होते आणि सगुणाबाईचं म्हणणं बिलकुल खरं होतं. आमच्याकडं भांड्यावर नाव नसलं की ते कुणाचंच नसतं. माझ्या घरातल्या चमच्यावर पण माझ्या सासूबाईंचं नाव आहे. सकाळी उठले ती ठरवूनच उठले. झारीवर नाव टाकून आणायचं. हसू नका. तुम्ही असता तर काय केलं असतं?

गुरुवार, वाटूरचा बाजार. झारी पिशवीत घातली, वरून वांगी ठेवली, जीपगाडी धरली. भांड्यांच्या दुकानाबाहेर मच्छिंद्र बसतो, छिन्नी आणि हातोडी घेऊन. टिकटिक टिकटिक, ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं, मोत्यासारखी. त्याला मी कागदावर नीट लिहून दिलं: नीला, संग्रहालय, आणि खाली आमच्या शाळेचं नाव. खालच्या बाजूला, बारीक अक्षरांत टाक म्हणलं, आणि मिरच्या घ्यायला गेले.

अर्ध्या तासानं आले तर मच्छिंद्रचं काम झालेलं. झारीच्या पोटावर, बराबर मधोमध, टपोऱ्या अक्षरांत: "चि. सौ. कां. नीला हिस शुभविवाहानिमित्त शाळेकडून सप्रेम भेट." बाजूनं वेलबुट्टी आणि दोन मोर.

माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. मंग फुटले, आणि अर्धा बाजार गोळा झाला.

"अहो बाई, मी काय चुकलो?" मच्छिंद्र माझ्यावरच चढला. "लग्नसराई चालू हाय. सकाळपासून तीस भांड्यांवर आहेर टाकला. बाईमाणसाचं नाव दिसलं की हात आपोआप चालतो. मोर तर मी वरून फुकट काढले!"

"आणि संग्रहालय कुठं गेलं?"

"ते आडनाव मी आयुष्यात ऐकलं न्हाई. म्हणलं, लग्नानंतर बदलणारच हाय, कशाला टाकायचं?"

त्याला म्हणलं, पुस. तर म्हणतो, ठिपके पुसत नसतात, घासलं तर तांबं पातळ होतं. जीपगाडीत बसून मी रडले. नीलाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. पोरीनं दोन वर्षं झगडून पेटी बाहेर काढली आणि मी दोन मोर काढून तिला घरी पाठवणार होते.

शाळेत आल्यावर झारी खिडकीत ठेवली, नाव भिंतीकडं करून. वरून झेंडूची माळ घातली. शुक्रवारी पोरं म्हणाली, बाई झारी द्या, तर मी म्हणलं, झारी थकलीय. पण शिवकन्या माझ्याकडं बघून राह्यली होती आणि मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मधल्या सुट्टीत तिनं माळ उचलून बघितली, अक्षर न् अक्षर वाचलं आणि घरी जाऊन सांगितलं. तिच्या घरापासून सगुणाबाईचं घर दुसरं.

शनिवारी सकाळी नीला भोकरदनहून आली, खुशीत. तिथल्या सहा शाळा तयार होत्या. मी तोंड उघडायला गेले, खरंच गेले, पण ती सांगतच राह्यली आणि माझी हिंमत झाली न्हाई. तेवढ्यात सगुणाबाई चार बाया घेऊन शाळेत शिरली. हातात ताट, ताटात पुरणपोळी, वर हिरवं लुगडं.

"ये गं बाय, बस," सगुणाबाई म्हणाली. "माहेरापासून लांब हाईस, तुझं गडगनेर आम्ही नको का करायला?"

लग्नाच्या आधी नवरीला जेवायला बोलवतात ना, केळवण, त्याला आमच्याकडं गडगनेर म्हणतात. नीलाला वाटलं, पाहुण्यांचं स्वागत असंच करत असतील. बिचारी हसत बसायला निघाली. बायांनी तोवर रांगोळी काढून मधे पाट मांडला होता. पाट कसला, आफ्रिकेतली उशी! आणि नीला "अहो, त्याच्यावर नको!" म्हणून ओरडली त्याच घडीला दारात जीप थांबली आणि साहेब उतरले.

शरदचंद्र त्यांचं नाव. उंच, पांढरे केस, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांनी रांगोळी बघितली, उशी बघितली, नीलाच्या हातातलं लुगडं बघितलं.

"काय चाललंय हे?"

"लगीन हाय ना पोरीचं," सगुणाबाईनं सांगितलं.

"कोणाचं लग्न?" साहेब आणि नीला दोघं एकदमच म्हणाले.

"आता काय लपवायचं! झारीवरच लिहिलंय की." आणि सगुणाबाईनं जाऊन माळ काढली आणि झारी फिरवली.

साहेबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. चि. सौ. कां. पासून सप्रेम भेटपर्यंत. बाहेर गावातली माणसं पेटी बघायला जमली होती, ती पण दारात येऊन माना उंचावून बघाय लागली. नीला पांढरीफटक पडली. दोन्ही मोरांकडं ती आळीपाळीनं बघत होती.

"दोनशे वर्षांची वस्तू," साहेब हळू आवाजात म्हणाले, आणि ओरडण्यापेक्षा ते वाईट होतं. "मानेवर त्या लोकांचं पवित्र वचन कोरलंय. आणि त्याच्या खाली हे. मी सांगितलं होतं तुला, नीला. सांगितलं होतं की नाही?"

"सर, पेटीची जबाबदारी माझी होती," नीला म्हणाली. "माझी चूक."

तिला काही माहीत पण नव्हतं हो! दोन मिनिटांपूर्वी बघितलं तिनं. मला राहवलं न्हाई.

"तिची कशाची चूक? मी नेली बाजारात. वांग्याखाली घालून नेली. सही माझी आहे, नाव मी टाकायला दिलं. मला घरी पाठवा पाहिजे तर, पण ह्या पोरीला आणि पेटीला हात लावायचा न्हाई!" साहेबांवर ओरडून बसले मी. पोरांना शिकवते ते वाक्य, ते पण चुकीच्या जागी निघालं.

साहेबांनी पेन काढलं आणि रजिस्टर उघडलं. आणि तेवढ्यात दारातून रामकिसन आबा आत आले. ऐंशीला टेकलेला म्हातारा, धोतर, काठी. दुपारभर देवळाच्या ओट्यावर बसायचे, त्यांना कुणी काही विचारायचं न्हाई.

"कसलं वचन म्हणता साहेब? बघू द्या की."

"आजोबा, ते तुम्हाला..." साहेब म्हणेपर्यंत आबांनी झारी उचलली पण. उजेडाकडं धरली, मानेभोवती बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडं.

"साहिबा... जैनब... खातून," आबांनी वाचलं. "सन बाराशे बारा. हिजरी असंल."

"म्हणजे काय?" नीलानं विचारलं.

"म्हंजे नाव हाय. साहिबा म्हंजे मालकीण. मालकीण जैनब खातून. त्या बाईचं भांडं हाय हे, दुसरं काय?"

"शक्यच नाही," साहेब म्हणाले. "ते वचन आहे. पंधरा वर्षांपूर्वी त्याची चिठ्ठी मी स्वतः लिहिली आहे."

"चिठ्ठी लिहिली, वाचलं कुणी?" आबांनी विचारलं. "मी निजामाच्या शाळंत चौथीपस्तोर उर्दूत शिकलो साहेब. एक हरफ चुकला की मास्तर हातावर छडी वढायचा. तुमच्या शहरात वाचणारा एक बी माणूस भेटला न्हाई व्हय?"

साहेब खाली बघून म्हणाले, "विचारलं नाही कुणाला."

"बाई, बाई!" शिवकन्या ओरडली. "म्हणजे तिकडं पण पंगतीत भांडी हरवायची!"

सगळा वर्ग हसला. बाया हसल्या. सगुणाबाई तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "बघा! जैनबबाई शाहाणी व्हती. तिनं टाकलं का न्हाई नाव?" मला मात्र हसू येईना. माझं लक्ष साहेबांच्या पेनाकडं.

साहेब खुर्चीवर बसले. मी जल्दी चहा सांगितला, तो त्यांनी अर्धा घेतला. मंग आबांकडं न बघता म्हणाले, "आमच्याकडे अशी अजून सोळा भांडी आहेत. सगळ्यांवर मी हेच लिहिलंय. पवित्र वचन."

"सोळाच्या सोळा?" आबा म्हणाले.

"सोळाच्या सोळा. तुम्ही याल का माझ्याबरोबर? वाचायला?"

"चला की. इथं मला कोण इचारतंय." आबांनी काठी उचलली आणि थेट जीपमधे पुढच्या सीटवर जाऊन बसले.

साहेबांनी रजिस्टरमधे बरंच काही लिहिलं. मंग उठून म्हणाले, "झारी मी घेऊन जातो. तिचा प्रवास संपला. बाकीच्या दहा वस्तू सोमवारी भोकरदनला जातील."

"आणि मी, सर?" नीलानं विचारलं.

"मग पेटी कोण उचलणार? मी?" ते खेकसले आणि निघाले. दारात थांबून मला म्हणाले, "आणि तुम्ही, बाई. तुम्ही ह्यापुढं कुठल्याही वस्तूवर काहीही लिहायचं नाही. फळ्यावर लिहा." मी मान डोलावली. हेडमास्तरांनी पण डोलवायला बघितली, पण त्यांची मान अजून दुखत होती.

नीला मात्र माझ्याशी बोलेना. गप्प राहून एकेक वस्तू कापडात गुंडाळून पेटीत ठेवत होती. मी बाजूला उभी राहून दोरी धरली. म्हणलं, "पोरी, मला माफ कर. तुझ्या भल्यासाठी केलं आणि तुझंच वाटोळं करायला निघाले होते. तीन रात्री झोपले न्हाई गं मी." बोलता बोलता मला रडूच कोसळलं.

तिनं पेटीची कडी लावली. त्या पेटीवर बसून सगुणाबाईच्या ताटातली पुरणपोळी तोडली, अर्धी मला दिली.

"बाई, आणखी दोनशे वर्षांनी कुणीतरी ती झारी हातात घेऊन वाचणार," ती म्हणाली. "आधी एक जैनब होती. मग एक नीला होती, तिचं १९९६ साली लग्न झालं, आणि सगळी शाळा लग्नाला होती. आता हे खोटं आहे म्हणून त्यांना कोण सांगणार?"

मी पदरानं डोळे पुसले आणि म्हणलं, "तोवर करून टाक की, मंग खोटं कशाला राहील?"